घराचा सौदा मोडतो तेव्हा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकर्त्यांनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी म्हटले, घराच्या सौद्याबद्दल बोलतो. त्यांना वाटले, गुरुजी आता घर कसे घ्यावे ते सांगणार. ते सांगणारे पुष्कळ आहेत. बँका सांगतात, दलाल सांगतात. घेतलेले नव्हे, तर हातातोंडाशी येऊन गेलेले घर हा माझा आजचा विषय आहे. हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांच्या घरी येऊन गेला असेल, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही. लग्न मोडले तर चार माणसे समजूत घालायला येतात. सौदा मोडला तर तीच माणसे रस्त्यात विचारतात, "काय गुरुजी, घर घेणार होते ना? काय झाले?" आणि आपण मान खाली घालतो. जणू चोरी आपणच केली!

माझाच प्रसंग सांगतो. १९९४ साल होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड चंद्रपूरला, बाबूपेठ भागात एका खोलीत. पावसाळ्यात खोलीत तीन ठिकाणी भांडी मांडावी लागत. तुकूम भागात दोन खोल्यांचे एक घर विकाऊ असल्याचे कळले. मागे आंगण, आंगणात विहीर, विहिरीजवळ कडुनिंब. बोलणी झाली, भाव ठरला. दहा हजार रुपये बयाणा दिला. पावती म्हणून त्यांनी वहीच्या अर्ध्या पानावर लिहून दिले की, घराच्या व्यवहारापोटी दहा हजार मिळाले. बस्स. कोणते घर, किती किंमत, किती दिवसांत विक्रीपत्र, काही नाही. दोन महिन्यांत रजिस्ट्री करायची, हे तोंडी ठरले. मी शिक्षक, आयुष्यभर मुलांना पूर्ण वाक्य लिहायला शिकवले, पण स्वतःची पावती अर्धवट घेतली.

भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढली. मुलांच्या आईने आपल्या पाटल्या मोडल्या. घरमालकाला सांगून टाकले की, आम्ही खोली सोडतो. पत्नीने तर खिडकीच्या पडद्याचे मापसुद्धा घेऊन ठेवले. थोरल्याने कोणत्या कोपऱ्यात अभ्यासाला बसायचे ते ठरवले. आणि रजिस्ट्रीच्या दोन दिवस आधी घरमालक माझ्या दारात आले. चहासुद्धा घेतला नाही. म्हणाले, "गुरुजी, भाऊ सही द्यायला तयार नाही जी. तुमचे पैसे घेऊन जा परत."

महिनाभरात ऐकू आले की, ते घर दुसऱ्याला विकले गेले. मग त्या भावाने सही कशी दिली? जास्त पैसे मिळाले म्हणून? की आणखी काही? सौदा मोडण्याच्या दोन आठवडे आधी मी घर बघायला गेलो असताना शेजारच्या एका गृहस्थांनी मला आडनाव विचारले होते. आडनाव सांगितल्यावर "मूळ गाव कोणते, तिथे कोणत्या वस्तीत राहता" असेही विचारले होते. मी सरळ सांगितले. लपवण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

बंधू-भगिनींनो, खरे कारण काय, हे मला आजही ठाऊक नाही. बयाण्याचे सात हजार लवकर मिळाले, उरलेले तीन हजार हप्त्याहप्त्याने मिळायला अकरा महिने लागले. तेही मिळाले. पण "का?" हा प्रश्न कित्येक वर्षे माझ्या उशाशी होता. पैसे बुडाल्याचे दुःख मोजता येते, पण या प्रश्नाला माप नसते.

अशा वेळी मला बाबासाहेबांचा बडोद्याचा प्रसंग आठवे. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना तेथून बाहेर काढले. मग त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एकाने सांगितले, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसऱ्याने सांगितले, पत्नी उद्या परत येणार आहे, तिला विचारावे लागेल. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे सारे लिहून ठेवले आहे. काठीवाल्यांचे कारण उघड होते. मित्रांची कारणे मात्र सभ्य होती. आपल्यासारख्यांच्या वाट्याला आज बहुधा सभ्य कारणेच येतात. भाऊ तयार नाही, मुलगा नाही म्हणतो, सध्या विकायचा विचार बदलला. त्यातले खरे कोणते आणि आडपडदा कोणता, हे ओळखणे कठीण. त्याच बाबासाहेबांनी पुढे १९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, सौदा मोडल्यावर दोन कप्पे करा. जे सिद्ध करता येते ते एका कप्प्यात, जे नुसते मनात आहे ते दुसऱ्या कप्प्यात. कोणी चारचौघांत जातीवरून अपमान केला, वस्तीने बहिष्काराची भाषा केली, तर तारीख, वेळ, साक्षीदार लिहून ठेवा. त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे आणि २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कारही त्यात आला आहे. तिथे गप्प बसू नका. पण समोरच्याने मनातले मनातच ठेवले असेल, तर कायद्याचा हात तिथवर पोचत नाही. त्या कप्प्याला कुलूप लावा. भगवंतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. पहिला बाण दुसरा कोणी मारतो. त्याच जखमेवर दुसरा बाण आपण स्वतःच मारून घेतो. सौदा मोडणे हा पहिला बाण. मी दुसरा बाण किती वर्षे मारत बसलो, ते माझे मलाच माहीत.

आता पहिल्या कप्प्याकडे वळू. आपल्या चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांत सौदा मोडण्याची काही कारणे अशी आहेत की, ती विकणाऱ्याच्याही हातात नसतात. ती समजून घेतली की निम्मा राग शांत होतो.

पहिले कारण झुडपी जंगल. जुन्या मध्य प्रांताच्या काळात ज्या पडीक जमिनीवर झुडपे होती, जिथे गावची गुरे चरत, तिची नोंद 'झुडपी जंगल' अशी झाली. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, तरी ती नोंद तशीच राहिली. पुढे त्यांतल्या काही जागांवर वस्त्या झाल्या, शाळा झाल्या, सरकारी कचेऱ्यासुद्धा झाल्या. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ही जमीन वनच समजली जाईल. १२ डिसेंबर १९९६ पर्यंत ज्या जागांचे वाटप झाले त्यांच्यासाठी राज्याने केंद्राची मंजुरी घ्यावी आणि त्यानंतरच्या वाटपाची वेगळी चौकशी व्हावी, असेही सांगितले. तेव्हा प्लॉटच्या कागदावर झुडपी जंगल हे शब्द दिसले की तिथेच थांबावे आणि वाटपाची तारीख विचारावी. अशा नोंदीमुळे बँकेने कर्ज नाकारले आणि तुमचा सौदा फिसकटला, तर बँकेने तुमच्यावर उपकार केले असे समजा.

दुसरे कारण आदिवासी बांधवांची जमीन. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकत घेता येत नाही. त्यासाठी राज्य शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. गडचिरोलीत नोकरीला गेलेले आपले काही लोक सांगतात, "दुसऱ्याच्या नावाने घेऊन टाकतो, नंतर पाहू." मित्रांनो, हे करू नका. हा कायदा दुबळ्याची जमीन सबळाने गिळू नये म्हणून आहे. कायद्याच्या संरक्षणाची किंमत आपल्याइतकी कोणाला कळणार? या कारणाने सौदा मोडला, तर तो मोडायलाच हवा होता. आपल्याला दुसरी जागा मिळेल.

तिसरे कारण वर्ग-२ ची जमीन. शासनाने भूमिहीनांना दिलेल्या अशा जमिनी विकायला परवानगी लागते. उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-२' असे लिहिलेले असते. चौथे कारण कोळसा. घुग्घुस, माजरी, राजुरा-सास्ती या पट्ट्यात १९५७ च्या कोळसा क्षेत्र कायद्याखाली अधिसूचना निघतात. संपादनाची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारकडे जाते, मग विकणारा काय विकणार आणि घेणारा काय घेणार? पाचवे कारण चंद्रपूर शहरात इरई नदीची निळी पूररेषा. आणि सहावे, सगळीकडचे जुने कारण, म्हणजे हिस्सेदार. बाप वारला, सात-बारावर किंवा आखीव पत्रिकेवर पाच नावे चढली, विकायला एकटाच निघाला. बहिणींची नावे तर लोक मोजतच नाहीत. त्यांची सही नाही तर त्यांचा हिस्सा विकलाच जात नाही.

आता विक्रीपत्र होण्याआधी सौदा मोडला तर कायद्याने आपले काय राहते, ते पाहू. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याचे कलम ५४ सांगते की, विक्रीचा नुसता करार झाला म्हणून त्या मालमत्तेत हक्क तयार होत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत दस्तानेच विकली जाते. म्हणजे मनाने आपण घरात राहायला गेलो असलो, तरी कायद्याने उंबरठ्याबाहेरच असतो. हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. इंग्लंडमध्ये भाव मान्य झाला तरी दोन्ही बाजूंच्या सह्यांचे करार एकमेकांच्या हाती जाईपर्यंत कोणीही मागे फिरू शकतो. मधल्या काळात दुसऱ्याचा जास्त भाव स्वीकारणारे विक्रेते तिथेही भेटतात.

पण उंबरठ्याबाहेर असलो तरी आपण रिकाम्या हाताचे नसतो. विकणारा फिरला, तर बयाणा परत मिळाला पाहिजे. त्याच कायद्याचे कलम ५५ योग्य कारणाने व्यवहार सोडणाऱ्या खरेदीदाराच्या बयाण्याचा बोजा त्या मालमत्तेवर मानते. लेखी इसारपत्र किंवा साठेखत असेल, तर करार पूर्ण करून मागण्याचा दावाही लावता येतो. त्याला तीन वर्षांची मुदत असते. आपण पैशासह तयार होतो हे दाखवावे लागते आणि बयाणा परत मिळण्याची मागणीही त्याच दाव्यात लिहावी लागते. तोंडी करार अगदीच निरर्थक नसतो, पण सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

आणि आपणच फिरलो तर? तेव्हा पावतीवरचा शब्द महत्त्वाचा. बयाणा किंवा इसार म्हणून दिलेली रक्कम, तशी अट असेल तर, जप्त होऊ शकते. नुसती किमतीपोटी आगाऊ दिलेली रक्कम तशी जप्त करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले. म्हणून पावतीवर एक ओळ अवश्य लिहून घ्या की, कर्ज मंजूर न झाल्यास किंवा कागदात दोष निघाल्यास पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत मिळेल. या एका ओळीला शाईशिवाय काही खर्च नाही.

पैसे चेकने किंवा बँकेतून द्या. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा अधिक रक्कम रोख स्वीकारायला आयकर कायद्याने बंदी आहे. बँकेची नोंद हा न रुसणारा साक्षीदार असतो. बिल्डरकडून फ्लॅट घेत असाल, तर नोंदणीकृत कराराआधी त्याला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, असा २०१६ चा रेरा कायदा आहे. आणि कागद होण्याआधी सामान नेऊन टाकू नका. कब्जा मिळाला म्हणजे घर झाले, हा समज चुकीचा आहे. २००१ पासून करार नोंदणीकृत नसेल तर कब्ज्याच्या आधारावर संरक्षण मागता येत नाही.

सौदा मोडल्याचे कळल्यावर पहिल्या आठवड्यात चार कामे करा. एक, विकणाऱ्याकडून व्यवहार रद्द झाल्याचे व रक्कम कधी परत करणार ते दोन ओळींत लिहून घ्या. तो लिहीत नसेल तर तुम्ही पोचपावतीच्या टपालाने पत्र पाठवा. दोन, बँकेला व कचेरीला कळवा. मुद्रांक घेतला असेल आणि वापरला नसेल, तर परताव्याचा अर्ज लगेच करा, त्याला मुदत असते. भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या रकमेचा हिशेब कचेरीला द्या. तीन, राहत्या जागेच्या घरमालकाला भेटून मुदत मागा. मी लाजत लाजत गेलो, तर आमच्या घरमालकाने पन्नास रुपये भाडे वाढवून आम्हाला ठेवून घेतले. लाज वाटून गेलो नसतो तर रस्त्यावर आलो असतो. चार, रक्कम परत मिळत नसेल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचाही समावेश झाला आहे. लोकअदालतीत दावा लावण्याआधीही तडजोड होते आणि कोर्ट फी लागत नाही. पोलिसांकडे धावायची घाई करू नका. एकच प्लॉट चौघांना विकला असेल तर ती फसवणूक. नुसता सौदा फिरला तर तो दिवाणी मामला.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. सौदा मोडल्यावर घरात एक दोषी माणूस शोधला जातो. मीही शोधला. त्या दिवशी मी पत्नीला बोललो, "तूच मोहल्लाभर सांगत सुटली, म्हणून झाले हे." ती काही बोलली नाही. पडद्याचे कापड तिने घडी करून पेटीच्या तळाशी ठेवले. पाटल्या तिच्या गेल्या होत्या, घर तिचे गेले होते, आणि बोलणेही तिलाच खावे लागले. विकणाऱ्याने माझे जितके नुकसान केले, त्याहून जास्त मी त्या एका वाक्याने केले. घर गेले ते घरमालकाच्या शब्दाने, पण घरातला माणूस दुखावला माझ्या शब्दाने. पुढे १९९७ साली आम्ही छोटा प्लॉट घेतला आणि वर्षावर्षाला एक भिंत या चालीने घर बांधले. ते तिच्या नावावर केले. पण ते वाक्य परत घ्यायला मला त्याहूनही जास्त वर्षे लागली.

म्हणून सांगतो, ज्या घरी सौदा मोडला आहे तिथे जाऊन "आम्ही आधीच सांगितले होते" असे म्हणू नका. जेवणाचा डबा घेऊन जा. मुलांना घेऊन बसा. मुलांना खरे सांगा. ती समजतात. माझ्या थोरल्याने त्या वर्षी गळक्या खोलीतच दहावीचा अभ्यास केला. कोपरा मिळाला नाही, पण अभ्यास थांबला नाही. आणि दुःखाच्या भरात लगेच दुसरे घर पकडू नका. पहिला सौदा मोडला, आता लोकांना तोंड दाखवायचे, म्हणून घाईने घेतलेल्या दुसऱ्या घरात जास्त फसगत होते. निदान तीन महिने थांबा.

शेवटी मंडळाला एक विनंती करतो. आपल्यात निवृत्त पटवारी आहेत, वकील आहेत, कायद्याचे विद्यार्थी आहेत. महिन्यातून एक रविवार विहारात बसावे. ज्याला घर किंवा प्लॉट घ्यायचा आहे त्याने बयाणा देण्याआधी कागद तिथे दाखवावेत. सात-बारा आता संगणकावर दिसतो. जुन्या दस्तांची यादीही नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर शोधता येते. आमच्या पिढीला ते जमत नाही, विद्यार्थ्यांना दोन मिनिटांत जमते. एका मुलाने एका म्हाताऱ्या आजीचा उतारा वाचून दाखवला आणि 'झुडपी जंगल' हे दोन शब्द ओळखले, तर तिची जन्माची कमाई वाचेल. आपल्या शिक्षणाचा याहून चांगला उपयोग तो कोणता?

मित्रांनो, बयाणा परत मागायला लाजू नका. पावती पूर्ण लिहून घ्यायला भिडू नका. आणि सौदा मोडला त्या संध्याकाळी घरातल्या माणसांना सांभाळा. विटांचे घर पुन्हा मिळते, मला मिळाले. माणसे सांभाळली तर त्या घरात राहायला कोणीतरी असते.